पाच पंचावन्नचा मोर्चा

पंधरा ऑगस्टला सकाळी साडेनऊच्या सुमारास, झेंडावंदनाची जिलेबी अजून दाढेखाली असताना, वरच्या मजल्यावरची मॅडम गवराबाईच्या स्वयंपाकघरात शिरली आणि फळीवरची भांडी एकेक करून वाजवून बघायला लागली. तवा वाजवला, नाक मुरडलं. पोळ्यांचा डबा वाजवला, मान डोलावली. शेवटी गवराबाईच्या लग्नातली पितळी परात उचलून तिच्यावर उलथन्याचा असा काही दणका दिला, की देव्हाऱ्यापुढं बसलेली गवराबाई वात तशीच टाकून उठली.

"अगं वर्षाली! बघ की ही बया काय करतीय! माझी परात फोडतीय!"

वर्षाली म्हणजे गवराबाईची सून. आकुर्डीची मुलगी, कॉलेज शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. घरात मॅडमचं बोलणं समजायचं ते तिला एकटीलाच.

"आई, आज त्यांचा सण आहे. परवा सांगितलं होतं की तुम्हाला. संध्याकाळी पाच पंचावन्नला भांडी वाजवत मिरवणूक काढतात."

"भांडी वाजवत? सूर्याला गिराण लागलंय का काय? आन् दिवेलागणीच्या तोंडावर कुणी भांडी आपटतं व्हय? लक्षुमी घरात येत असली तर दारातनं मागं फिरंल."

वर्षालीनं यातलं काय आणि किती सांगितलं देव जाणे. मॅडम मात्र खुशीत हसली, गवराबाईच्या खांद्यावर थोपटलं आणि परात तिच्याच हातात दिली. ही परात तुमची, तेव्हा ती तुम्हीच वाजवायची, असा त्याचा अर्थ होता. गवराबाईनं कपाळावर हात मारला.

ही मॅडम चार महिन्यांसाठी आली होती. नाव मिरेय, वय साठीला टेकलेलं, केस पांढरे, हात एखाद्या गवंड्यासारखे. गाड्यांना रंग मारायची नवी लाइन एका कंपनीत बसवायची होती, ती बसवून देणारी बाई ती. चाकणच्या हॉटेलात महिनाभर राहून कंटाळली, म्हणून कंपनीनं चिंचदऱ्याच्या सरपंचाच्या बंगल्याचा वरचा मजला तिच्यासाठी घेतला. चिंचदरा म्हणजे निघोज्याच्या पलीकडं, कंपन्यांच्या पत्र्यांमध्ये चेंगरलेलं गाव. आणि सरपंच म्हणजे गवराबाईचा गोरक्ष.

मॅडम फ्रेंच बोलते एवढं गोरक्षला कळलं होतं. मराठी बोलतो तो महाराष्ट्राचा, तसं फ्रेंच बोलते ती फ्रान्सची, असा त्यानं सरळ हिशोब केला. त्यात चुकलं कुठं, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं. मोबाइलवर बघून त्यानं फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाची चौदा जुलै ही तारीख काढली, कंपनीच्या साहेबांना घेतलं, टेम्पोवर बँजो पार्टी चढवली, निळे-पांढरे-लाल फुगे बांधले आणि मॅडमला फेटा बांधून गावभर मिरवलं. गवराबाईनं साठ पुरणपोळ्या लाटल्या. मॅडम नाचली, चार पोळ्या तुपाशी खाल्ल्या, आणि हात धुतल्यावर वर्षालीला म्हणाली, की आजचा दिवस फार छान गेला, पण हा आमच्या शेजाऱ्यांच्या घरचा कार्यक्रम होता. मी फ्रान्सची नाही. मी अकादीची.

"ही अकादी कुठं आली?" गोरक्षनं विचारलं होतं.

"कॅनडात. पण नकाशात शोधू नका म्हणतायत. नकाशात नाही."

"मग सण कवा असतो?"

"पंधरा ऑगस्टला."

गोरक्षनं डोकं धरलं होतं. वर्षात तीनशे पासष्ट दिवस, आणि या बाईला नेमका हाच मिळाला.

मग एके दुपारी तांदूळ निवडताना मॅडमनं सगळं सांगितलं आणि वर्षालीनं ते मराठीत आणलं. तिची माणसं फ्रेंच बोलणारी, समुद्राकाठची. खाऱ्या पाण्याला बांध घालून त्यांनी जमीन काढली, शंभर वर्षं पिकवली. सतराशे पंचावन्न साली इंग्रजांचे सैनिक आले, घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबली आणि दिसेल त्या किनाऱ्यावर सोडून दिली. बाप एका जहाजात, लेकरं दुसऱ्या. बरेच जण मेले. काही वर्षांनी काही जण चालत परत आले, तर त्यांच्या जमिनीवर दुसरेच राहत होते. मग त्यांनी बाजूला, मिळेल तिथं घरं बांधली. राज्य नाही, राजधानी नाही, पण झेंडा आहे, गाणं आहे. आणि दर वर्षी या दिवशी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या घड्याळात सतरा पंचावन्नला, त्या सालाची आठवण म्हणून सगळं गाव रस्त्यावर येतं आणि हाताला लागेल ते बडवतं. का, तर आम्ही अजून आहोत, हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

गवराबाईचा तांदळातला हात थांबला होता. "आमी न्हाई काय वाजवलं," ती म्हणाली होती. "आमी टेम्पोत बसलो आन् आलो." वर्षालीनं हे मॅडमला सांगायच्या आत ती सूप उचलून आत निघून गेली होती.

आता सणाच्या दिवशी एका परातीपायी गवराबाईनं एवढं डोक्यात राख घालून घ्यायचं कारण सांगायला हवं. परात हे निमित्त होतं. तिला गावातून फिरायचंच नव्हतं. गेली तीन वर्षं ती फिरली नव्हती. देवळात जायचं तर पहाटे, कुणी उठायच्या आत. बाजार करायचा तर चाकणला, गाडीत बसून, काच वर करून. गुडघे दुखतात असं ती सांगायची, आणि ते अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं ओढ्यापलीकडं होतं, धरणवस्तीत. सत्तावीस वर्षांपूर्वी जांभूळओहोळ नावाचं गाव धरणात गेलं, तेव्हा तिथली बेचाळीस घरं टेम्पोत भरून चिंचदऱ्याच्या माळावर आणून टाकली होती. त्यातलं एक गवराबाईचं. पुढं गोरक्ष कंपन्यांना गाड्या पुरवायला लागला, पैसा आला, बंगला गावात झाला आणि गवराबाई ओढा ओलांडून अलीकडं आली. बाकीच्या बायका तिथंच राहिल्या. शहराला धरणाचं पाणी नेणारी जाड पाइपलाइन वस्तीच्या पाठीमागून जाते. रात्रंदिवस तिची घरघर ऐकू येते. ज्यांचं गाव त्या पाण्याखाली आहे, त्यांच्या हंड्यात मात्र त्यातला थेंब नाही. श्रावणात, धरणाचे दरवाजे उघडलेले असताना, या बायका टँकरची वाट बघत रस्त्यावर बसतात.

गोरक्ष सरपंचपदाला उभा राहिला तेव्हा वस्ती हलेना. नेते येतात, हात जोडतात, जातात, हे त्यांना पाठ होतं. म्हणून गवराबाई स्वतः गेली. आक्काबाईच्या अंगणात सगळ्या बायका गोळा केल्या. आक्काबाई म्हणजे जुन्या गावातली तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण; एकीची चूल विझली तर दुसरीनं निखारा द्यायचा असा घरोबा. तिच्या अंगणात गवराबाईनं हातात भंडारा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा गोरक्ष निवडून आला तर वर्साच्या आत तुमच्या दारात नळाचं पानी. भैरोबाची आण. न्हाई आलं, तर मी तुमच्या रांगंत येऊन बसंन."

गोरक्ष एकतीस मतांनी आला. नळ बसलेसुद्धा. बेचाळीस दारांत बेचाळीस तोट्या, फोटो निघाला, नारळ फुटला. पाणी तेवढं आलं नाही. वरची टाकी आणि खालची लाइन जोडायची राहिली, आणि ती का राहिली याचं दर वेळी नवं कारण. गवराबाईनं विचारलं की गोरक्ष म्हणायचा, "आये, प्रोसेसमध्ये हाय." हा प्रोसेस कोण मेला, कुठं बसतो, हे कळलं असतं तर गवराबाई त्याच्या दारात जाऊन आली असती.

आक्काबाई कधी विचारायला आली नाही. भांडली नाही, टोमणा मारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर गवराबाईनं चार उलट दिल्या असत्या, हिशोब मिटला असता. ती फक्त बोलायची बंद झाली. भैरोबाची आण घेतलेल्या बाईला हेच सगळ्यात जास्त सोसवणार नाही, हे आक्काबाईला बरोबर ठाऊक होतं.

आणि आता ही मॅडम म्हणत होती, परात घ्या आणि गावातून वाजवत चला.

दुपारी गोरक्ष घरी जेवायला आला तेव्हा गवराबाईनं त्याच्याकडं दाद मागितली. "मी न्हाई जायची. माझं गुडघं धरलंत."

"आये, असं करू नको. कंपनीनं शाळेला बाकं दिलीत, मॅडमचा शब्द तिथं चालतो. चौदा जुलैला आपण आधीच माती खाल्ली. आज वर्षाली आन् तू संगं राहा म्हणजे कुणी वेडंवाकडं बोलणार न्हाई." मग त्यानं बोटावर मोजत बजावलं, "बंगल्यापासनं चौक, चौकातनं मारुतीचं देऊळ, आन् परत. ओढ्याकडं जायचं न्हाई. आन् एक, तो झेंडा काढायचा न्हाई. पंधरा ऑगस्टला परदेशाचा झेंडा माझ्या गावात फिरला तर पोलीस मला आत टाकतील."

झेंड्याचं मॅडमला पटलं. तिनं झेंडा घडी करून ठेवला आणि तोंडच रंगवायला घेतलं. नीळ, रांगोळी आणि कुंकू, असे गालावर तीन पट्टे, आणि निळ्यावर हळदीची चांदणी. आपलं झाल्यावर वर्षालीचं केलं. मग ती ब्रश घेऊन गवराबाईकडं वळली.

"मला न्हाई! मी इधवा बाई, मला कुंकू न्हाई लागत!"

वर्षालीनं ते सांगितलं. मॅडमनं जरा विचार केला, मान हलवली, आणि कुंकू, नीळ सगळं बाजूला ठेवून गवराबाईच्या गालावर नुसती हळदीची चांदणी काढली. गवराबाई वैतागून डोळे मिटून उभी राहिली. विरोध करण्यात आता दम उरला नव्हता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, ती पुटपुटली, पण ते कुणी भाषांतरित केलं नाही.

साडेपाचला फाटकात माणसं जमली. सकाळच्या झेंडावंदनाला लेझीम खेळलेल्या शाळेतल्या वीसेक मुली गणवेशातच होत्या. कंपनीतले चारपाच जण शिट्ट्या आणि रिकामे डबे घेऊन आले. हलगीवर गेनबा होता. पंचक्रोशीत लग्न असो की जत्रा, हलगी त्याचीच.

"वाजवू काय?" गेनबानं विचारलं.

"काय बी वाजव," गवराबाई म्हणाली. "सुतक असल्यावानी वाजव, म्हंजे लोक बाहेर येणार न्हाईत."

गेनबानं हलगी शेकोटीवर तापवून घेतली होती, आणि तापलेली हलगी हळू वाजत नाही. पाच पंचावन्नला मॅडमनं घड्याळ बघून हात वर केला, कढई उचलली आणि जो काय दणका सुरू झाला त्यानं समोरच्या वडावरचे कावळे उठले. हलगी कडाडली, लेझमा छणछणल्या, डबे, शिट्ट्या, कुकरची झाकणं, सगळं एकदम. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. गवराबाई परात पोटाशी धरून, पदर डोक्यावरून पुढं ओढून, मध्ये कुठंतरी लपून चालत होती. उलथनं तिनं एकदाही परातीला लावलं नाही.

चौकापर्यंत सगळं ठीक चाललं. दुकानदार बाहेर आले, हसले, कुणी मोबाइल काढले. एकानं तर स्वतःच्या दुकानातला पत्र्याचा डबा घेऊन दहा पावलं साथ दिली. गवराबाईला वाटलं, सुटलो, हे काय समोर देऊळ.

आणि चौकात कंटेनर आडवा झाला होता.

नेहमीप्रमाणेच. मोबाइलच्या नकाशाचं ऐकून कंपनीऐवजी गावात घुसलेला, चाळीस फुटांचा, पुढचं चाक गटारात आणि मागचं ढुंगण पानटपरीला लागलेलं. ड्रायव्हर खाली उतरून फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होता. देवळाकडचा रस्ता बंद. मागं वळायचं तर मागून अर्धं गाव आलेलं. उरला एकच रस्ता, उताराचा, ओढ्याकडं जाणारा.

मॅडम क्षणभर थांबली, उतार बघितला आणि कढई बडवत खाली निघाली.

"तिकडं न्हाई!" गवराबाई ओरडली. "वर्षाली, थांबव तिला! गेनबा, हलगी बंद कर!"

पण ज्या मिरवणुकीत अख्खा गोंगाट हाच सण, तिथं एका म्हातारीचं कोण ऐकणार? ती कंपनीच्या माणसाचा शर्ट ओढत होती, त्याला वाटलं तिला नाचायचंय. त्यानं तिचा हात धरून एक गिरकी मारली. ती वर्षालीकडं धावली, तर वर्षाली पुढं मोबाइलवर शूटिंग करत उलटी चालत होती. मॅडमला गाठावं म्हणून गवराबाईनं पाऊल उचललं, दुखरे गुडघे विसरून पुढं झाली, माणसं हटत गेली, आणि ओढ्याचा पूल ओलांडला तेव्हा ती मॅडमच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढं होती. याहून वाईट जागा साऱ्या मुलखात नव्हती.

पुलापलीकडं रस्त्याच्या कडेनं रांग लागली होती. पंधरा ऑगस्टची सुट्टी म्हणून टँकरवाला आलाच नव्हता. प्लास्टिकचे, स्टीलचे, तांब्याचे हंडे एकामागं एक मांडलेले, आणि बायका दुपारपासून बसलेल्या. त्यांनी मान वर करून बघितलं. सरपंचाची आई पुढं, हातात परात, गालाला भंडारा फासलेला, आणि मागं हलगी.

गोंगाट समोर आल्यावर त्या उभ्या राहिल्या. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय? रिकामी भांडी घेऊन, वाजवत, बायका संध्याकाळी रस्त्यावर निघाल्या की त्याला या मुलखात एकच नाव आहे. हंडा मोर्चा. तो कसा काढायचा हे चिंचदऱ्यातच काय, तालुक्यातल्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. एकीनं हंडा उचलून काखेत घेतला आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्यांनी त्याच्यावर ठेका धरला. मग दुसरीनं. मग रांगच उठली.

मॅडमला आनंद आवरेना. आपल्या सणाला इतक्या बायका, तेही स्वतःची भांडी घेऊन! तिनं पुढच्या दोघींना मिठ्याच मारल्या.

आक्काबाई रांगेत सगळ्यात शेवटी होती. तिनं सावकाश हंडा उचलला, गवराबाईपाशी आली, तिच्या गालाकडं बघितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पूल वलांडायला तीन वर्सं लागली व्हय गं, गवरे?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं गवराबाईनं. अगं आक्के, हा मोर्चा न्हाई, हा हिचा सण हाय, आमी देवळाकडंच निघालो होतो, तो कंटेनर मेला आडवा आला. एवढी चार वाक्यं. पण आक्काबाई बोलली होती, आणि हे सांगितलं की पुन्हा बोलणार नव्हती, हे गवराबाईला लख्ख दिसलं. तिनं तोंड मिटलं. स्वतःचाच तिला इतका संताप आला, की हातातलं उलथनं परातीवर आपटलं. परात घणघणली. बायकांना वाटलं, हा इशारा. मोर्चा वळला आणि ग्रामपंचायतीच्या दिशेनं निघाला.

पंचायतीचं ऑफिस पुलापासून पाचशे पावलांवर, वस्तीच्याच वरच्या अंगाला. गोरक्ष सकाळच्या कार्यक्रमाची आवराआवर करत तिथंच होता. आवाज ऐकून पायरीवर आला तो हसतमुखानं, मॅडमचं स्वागत करायला. मग त्याला हंडे दिसले. मग हंड्यांच्या पुढं आई दिसली. हसू चेहऱ्यावरून उतरायला मात्र जरा वेळ लागला.

ग्रामसेवक दारामागनं डोकावला आणि सवयीप्रमाणं म्हणाला, "साहेब, फोन लावू का पोलिसांना?"

"कुणाला पकडायला? माझ्या आईला?" गोरक्ष त्याच्यावर खेकसला. मग खाली उतरून त्यानं गवराबाईला कोपराला धरून बाजूला घेतलं. "आये, हे काय लावलंयस? मी म्हणलं होतं ओढ्याकडं जाऊ नको. विरोधी पार्टीचं पोरगं तिकडं शूटिंग करतंय. उद्या सगळ्या फोनवर येईल, सरपंचावर आईचाच मोर्चा. चार महिन्यांवर निवडणूक हाय माझी!"

"कंटेनर आडवा आला रे."

"मग झालं तर! तेच सांग. यांना सांग, हा मॅडमचा सण हाय, मोर्चा न्हाई. तू सांगितलंस की ऐकतील. रातच्याला टँकर पाठवतो मी. सांग, आये."

आणि तो मागं वळून मोठ्यानं म्हणाला, "अहो ऐका, गैरसमज झालाय! हा परदेशी मॅडमचा सण हाय. माझी आई सांगतीय तुमाला!"

गेनबानं हलगीवरचा हात थांबवला. लेझमा थांबल्या. मॅडम कढई धरून वर्षालीकडं बघायला लागली, काय झालं म्हणून. सगळ्या बायका गवराबाईकडं बघत होत्या. आक्काबाई तेवढी बघत नव्हती. ती हातातल्या हंड्याकडं बघत होती, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी.

गवराबाईला सगळ्यांचा वैताग आला. या मॅडमचा, की जिला दुसरा दिवस मिळाला नाही. कंटेनरवाल्याचा. सुट्टी घेणाऱ्या टँकरवाल्याचा. सत्तावीस वर्षांपूर्वी टेम्पोत मुकाट बसलेल्या त्या तरण्या गवराबाईचा. आणि या पोराचा, की ज्याला तिनं नऊ महिने पोटात वागवलं, ओढ्यापलीकडच्या पत्र्याच्या घरात भाकरी थापून मोठं केलं, आणि आता तो तिलाच कोपराला धरून सांगत होता, काय बोल.

तिनं कोपर सोडवून घेतलं.

"सण मॅडमचाच हाय," ती म्हणाली. बायकांमध्ये एक उसासा फिरला. "खोटं कशाला बोलू? आमी देवळाकडं निघालो होतो. रस्ता बंद होता म्हणून हिकडं आलो." मग ती गोरक्षकडं वळली. "पन आता आल्यावर मोर्चा हाय. माझा हाय. आण मी घेतली व्हती, तुझ्या प्रोसेसनं न्हाई."

"आये, मी पोरगा हाय तुझा!"

"म्हणून तर तुझ्या दारात आले. दुसऱ्याच्या दारात कशापायी जाऊ?"

आणि गवराबाई पंचायतीच्या पायरीवर बसली. गुडघे खरंच दुखत होते, त्यामुळं बसताना अगदी धप्पकन बसली. परात मांडीवर घेतली. वस्तीच्या बायका तिच्या मागं बसत गेल्या, हंडे पुढं ठेवत. मॅडमला वर्षालीनं काय सांगितलं कोण जाणे, पण ती हसली नाही. कढई खाली ठेवली आणि तीही येऊन चिखलात, शेवटच्या ओळीत बसली.

गोरक्ष साडेसहापासून साडेसातपर्यंत फोनवर होता. कुठल्या साहेबाशी, कुठल्या ठेकेदाराशी, हे बायकांना ऐकू येत होतं, कारण तो मुद्दाम मोठ्यानं बोलत होता आणि पहिल्यांदाच "प्रोसेस" हा शब्द वापरत नव्हता. टँकर पाठवतो, असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा गवराबाईनं परात वाजवली. तिसऱ्या वेळी ग्रामसेवकानं कागद आणला. सोमवारी टाकीची लाइन जोडायला घेणार, असं लिहून, खाली सरपंचाची सही. वर्षालीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि नवऱ्यानं तिच्याकडं.

"सोमवारी न्हाई झालं तर?" एकीनं विचारलं.

"तर मंगळवारी मी हितंच हाय," गवराबाई म्हणाली.

बायका उठल्या. गोरक्ष आईला न बोलवता गाडीत बसला आणि एकटाच बंगल्याकडं निघून गेला. गवराबाईला ठाऊक होतं, हे पोरगं आता आठवडाभर तिच्या ताटाला ताट लावून बसणार नाही. कदाचित त्याहून जास्त.

ती पायरीला हात टेकून उठायला लागली, तर उठता येईना. एक हात पुढं आला. आक्काबाईचा.

"जेवायला ये म्हणले असते," आक्काबाई म्हणाली. "पिठलं-भाकरी हाय. पन घरात प्यायला घोटभर पानी न्हाई."

गवराबाईनं परात वर्षालीच्या हातात दिली आणि आक्काबाईच्या काखेतला हंडा काढून घेतला. चढ चढून, कंटेनरला वळसा घालून ती बंगल्यावर गेली, स्वयंपाकघरातल्या नळाखाली हंडा धरला आणि काठोकाठ भरला. मग पदराची चुंबळ करून तो डोक्यावर घेतला. पंधरा वर्षांत घेतला नव्हता, मान करकरली.

बाहेरच्या ओट्यावर गोरक्ष अंधारात बसला होता.

"कुठं निघालीस?"

"रांगंत," गवराबाई म्हणाली आणि हंडा सावरत पायऱ्या उतरली.